अक्षराच्या मापाची गाडी

माणसाच्या इतिहासातले सगळे मोठे निर्णय शेवटी पाय जमिनीला टेकतात की नाही, यावरच ठरलेले आहेत. हा सिद्धांत मला चंडीगडच्या इंडस्ट्रियल एरियातल्या मोटारसायकलींच्या एका दुकानात सुचला. त्या वेळी माझे दोन्ही पाय हवेत होते आणि दोन सेल्समन मला काखेत हात घालून एका उंच गाडीवरून उतरवत होते.

"अंकल जी, बच्चों के लिए देख रहे हो ना?" त्यातला एक म्हणाला. आदरानं म्हणाला, हे नमूद करतो.

बच्चा शेजारीच उभा राहून हसत होता. म्हणजे अक्षरा. संगमनेरची मुलगी, सेक्टर ३९ मधल्या सरकारी संस्थेत मातीतल्या जंतूंवर पीएच.डी. करते. माती सगळीकडे असते असा माझा समज होता. पण हिला हवी ती माती हिमाचलच्या पहाडात, किन्नौरमध्ये, बस जिथे संपते त्याच्याही पुढे. तिथे आधी डांबर आहे, मग खडी, मग एक नाला आणि मग शेळ्यांनी आपल्या सोयीनं पाडलेली वाट. टॅक्सीवाले नाल्यापाशी थांबतात आणि साहेब, इथलीच माती न्या म्हणतात. म्हणून तिला डांबरावरही चालेल आणि त्या वाटेवरही चढेल अशी मोटारसायकल हवी होती. रस्ता बर्फानं बंद व्हायच्या आत.

आता मी यात कुठून आलो? चंडीगडमधल्या मराठी घरांना एक जोडधंदा असतो, स्थानिक पालक होण्याचा. गणपतीच्या प्रसादाच्या रांगेत कोणीतरी हात धरतं, "आमच्याकडची एक मुलगी येतेय, तुमचं नाव देऊ का?" म्हणतं, आणि आपण तोंडात मोदक असल्यामुळे मान हलवतो. माझी बायको सुहासिनी इथल्या मोठ्या इस्पितळात भूलतज्ज्ञ होती. निवृत्तीनंतर आम्ही इथेच राहिलो, आणि अशी कितीतरी मुलं आमच्या नावावर या शहरात वाढली. बहुतेक जण पुढच्या गणपतीलाच दिसायची. अक्षरा मात्र दर रविवारी भाकरी खायला यायची आणि भांडी घासून जायची. त्यामुळे ती पाल्य कमी आणि घरची जास्त झाली होती.

तिचे वडील, एकनाथ गुरुजी, शाळेत मराठी शिकवायचे. मी एका साप्ताहिकात वर्षानुवर्षं विनोदी सदर लिहायचो, ते गुरुजी शिक्षकांच्या खोलीत मोठ्यानं वाचून दाखवायचे. पुढे साप्ताहिक बंद पडलं. त्याला माझं सदर जबाबदार नाही, असं संपादक शेवटपर्यंत सांगत राहिले.

दुकानात जायच्या आठवडाभर आधी गुरुजींचा फोन आला होता.

"शिशिरराव, पोरगी मोटारसायकलवर पहाडात निघालीय. मी नाही म्हणालो तर ईर्ष्येनं जाईल, माझ्यावरच गेलीय ती. तुम्ही काहीतरी युक्ती करा. तुम्ही लेखक माणूस."

मला लेखक म्हणणारं माणूस बऱ्याच काळानं भेटलं होतं. त्या शब्दासाठी मी याहून वाईट कामंही केली असती.

"माझ्यावर सोडा," मी म्हणालो.

त्याच रविवारी भाकरीचा तुकडा मोडत अक्षरा म्हणाली, "काका, तुम्ही दिवसभर बाईकचे व्हिडिओ बघता म्हणे. काकू सांगत होत्या. मला निवडायला मदत करा ना. लॅबमध्ये सगळे यार नुसते घाबरवतात."

मी आयुष्यात स्कूटरच्या पुढे गेलो नाही. पण व्हिडिओ बघून माणूस कशाचाही जाणकार होतो, त्यासाठी उठावंसुद्धा लागत नाही. मी हो म्हणालो.

तर दुकानात तीन गाड्या होत्या. पहिली चांगली भारदस्त. हमरस्त्यावर आगगाडीसारखी जाईल, पण चिखलात बसली तर काढायला गाव लागेल. दुसरी हलकी, काटक आणि उंच. दगडधोंड्यांसाठीच जन्मलेली. तिची सीट अक्षराच्या कमरेपर्यंत येत होती. मघाशी मला उतरवावं लागलं ते हिच्यावरूनच. आणि तिसरी सगळ्याच बाबतीत बेताची. डांबरावर लाजणार नाही, खडीवर घाबरणार नाही. अक्षरा तिच्यावर बसली तेव्हा तिचे दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकले. कोणालाही कळलं असतं की गाडी हीच. मलाही कळलं.

म्हणून मी दुसरी सुचवली.

माझी युक्ती अशी, की अक्षरा त्या उंच गाडीवर चढेल, पाय लोंबकळतील, आणि घरी येऊन ती म्हणेल, राहू दे काका. मला कोणाला काही नाही म्हणावं लागणार नाही. बापही खूश, पोरगीही जिवंत.

"तिकडे दगडांचा रस्ता," मी व्हिडिओतल्या माणसाच्या आवाजात म्हणालो. "गाडीचं पोट खालून घासता कामा नये. उंची हवीच." हे खरंच होतं. खोटं बोलताना मी नेहमी खरा माल वापरतो.

ती चढली. एका पायाचा अंगठा कसाबसा जमिनीला लागला.

"काका, ती तिसरी बरी वाटतेय मला. पाय तरी टेकतात."

"पाय टेकणं ही सिग्नलवरची गरज आहे. पहाडात सिग्नल नसतात."

"पक्का?"

"पक्का."

"मग हीच," ती म्हणाली आणि सेल्समनकडे वळली.

ती माझ्यावर विश्वास ठेवेल, ही शक्यता मी धरलीच नव्हती. इतकी वर्षं लिहिलं, पण माझं म्हणणं कोणी गंभीरपणे घेतल्याचा अनुभव गाठीशी नव्हता.

गाडी आली. सराव शहराबाहेर मुल्लानपूरला ठरला. तिथे शेतांतून नव्या वसाहतीचे रस्ते आखून ठेवलेत, काही डांबरी, काही नुसती खडी टाकलेले, आणि बांधकामाच्या मातीचे ढीग सगळीकडे. किन्नौरची तालीम करायला आणखी काय हवं? मी थर्मास घेऊन एका मोरीच्या कठड्यावर बसायचो. मार्गदर्शक म्हणून.

गाडी चालत असे तोवर अक्षरा उत्तम चालवायची. पंचाईत थांबताना व्हायची. गाडी हळू झाली की तिचा डावा पाय खाली यायचा, जमीन शोधायचा आणि शोधतच राहायचा. मग गाडी एका बाजूला कलायची, अगदी सावकाश, विचार करून कलल्यासारखी. मी दर वेळी डोळे मिटून घ्यायचो. आवाज तरीही यायचाच.

संध्याकाळी सुहासिनीनं अक्षराच्या गुडघ्याला बर्फ लावला.

"अगं, ही गाडी तुला उंच होतेय."

"काका म्हणाले उंचच हवी."

"काका म्हणाले का," सुहासिनी म्हणाली आणि माझ्याकडे पाहत राहिली. समोरच्याची शुद्ध हरपेपर्यंत किती वेळ पाहायचं, याचा तिला व्यवसायाचा अनुभव आहे.

अक्षरा गेल्यावर मी शरण गेलो. "तिच्या वडिलांना शब्द दिला होता मी."

"आणि तिला काय दिलंत?"

"मला वाटलं ती नाद सोडेल."

"ती नाद सोडणारी असती तर आपल्याकडे इतकी वर्षं भाकऱ्या खायला आली असती? तुमची लसणाची चटणी खाऊनही येते ती. जाणार आहे ती. इथे पडली तर मी आहे. तिथे नाल्यात पडली की कोण येणार, तुमचे व्हिडिओवाले?"

दुसऱ्या दिवशी माझ्या पोह्यांवर खोबरं नव्हतं. आमच्या घरात ही शिक्षा फार वरच्या पायरीवरची आहे.

गुरुजींचा फोन आला. "काय म्हणते मोहीम?"

"प्रगती आहे," मी म्हणालो.

"मला ठाऊक होतं. बायकोला म्हणालोसुद्धा, शिशिरराव आहेत तिथे, तू निवांत झोप."

मी जेवलो नाही. म्हणजे एक पोळी कमी खाल्ली. पण जिनं मला खरोखर खाल्लं ती गोष्ट पुढच्या रविवारी झाली. अक्षरा दारात नवे बूट घालून उभी होती. नवे म्हणजे जुनेच, पण मोच्याकडून तळव्याला टायरच्या रबराचे थर ठोकून घेतलेले. त्या बुटांत ती एखाद्या नाटकातल्या राक्षसासारखी थपथप चालत आली आणि म्हणाली, "बघा काका, आता बोटं पूर्ण टेकतात. गाडी बदलण्यापेक्षा मीच उंच झाले."

तिनं मला कानफटात मारली असती तर मी आभार मानले असते. मी म्हणालो, "छान." आणि थर्मास भरायला आत गेलो. चहात साखर दोनदा घातली.

मुल्लानपूरला त्या दिवशी तिनं मातीचा एक चढ घेतला. वर जाऊन थांबली, पाय टेकवला, पण त्या बाजूला जमीन उताराची होती. रबराचे थर कमी पडले. गाडी आणि ती दोघीही घसरत खाली आल्या, आणि तिचा पाय गाडीखाली सापडला. मी धावलो. धावलो हा शब्द माझ्या वयाला सवलत देऊन वाचावा. गाडीचं बटण बंद केलं, हँडल ओढलं, तिनं पाय सोडवून घेतला. घोटा हलत होता. मोडला नव्हता.

ती मातीतच बसून राहिली. हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं.

"काका, मला नाही जमणार बहुतेक," ती म्हणाली. "गाडी बरोबर आहे. मीच कमी पडतेय."

एवढंच तर हवं होतं. गुरुजींना हेच हवं होतं, मला हेच हवं होतं. युक्ती फळाला आली होती. मी गप्प राहिलो असतो तर घरी जाताना वाटेत कुल्चे खाऊन हा विषय संपला असता, आणि ती जन्मभर स्वतःला बुटकी आणि भित्री समजत राहिली असती.

"गाडी बरोबर नाही," मी म्हणालो.

"म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. गुरुजींचा फोन, लेखक हा शब्द, पहाडात सिग्नल नसतात हे वाक्य. भाषण चांगलं झालं असावं, कारण मध्ये एकदा मलाच गहिवरून आलं. तिला मात्र आलं नाही.

"तिसरी होती बरोबर?" तिनं विचारलं.

"तिसरी."

"कधीपासून माहीत होतं?"

"तू तिच्यावर बसलीस तेव्हापासून."

तिनं हातमोजे काढले. एकेक बोट सोडवत, फार सावकाश.

"तुम्ही मला जाऊ नको म्हणू शकला असतात," ती म्हणाली. "मी ऐकलं नसतं. पण म्हणू शकला असतात."

"हो."

"आईला मी सांगितलं होतं, की सगळे अडवतायत, पण इथे एक माणूस आहे जो अडवत नाही."

सदर लिहीत असताना मी अशा ठिकाणी नवा परिच्छेद सुरू करायचो.

"ही परत देऊ," मी म्हणालो. "तिसरी घेऊ. मध्ये जो तोटा होईल तो माझा."

"तो तुमचाच आहे," ती म्हणाली. "बाबांना फोन लावा. माझ्यासमोर. स्पीकरवर."

मी लावला. पलीकडे कुकरची शिट्टी वाजत होती.

"बोला शिशिरराव. सोडला का नाद?"

"गुरुजी, मी तिला मुद्दाम चुकीची गाडी घ्यायला लावली. उंच. तिचे पाय पुरत नाहीत. तिनं घाबरून सोडावं म्हणून. ती सोडत नाही, पडतेय. आजही पडली."

"लागलं?"

"घोट्याला. गुडघे आधीच सोलवटलेत."

"आता कुठंय?"

"इथेच आहे बाबा," अक्षरा म्हणाली. "ऐकतेय."

गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "मी युक्ती करा म्हणालो होतो, शिशिरराव. पाडा नव्हतो म्हणालो."

"नाही म्हणालात."

"चूक माझीबी आहे. तिला सांगायचं ते मी तुम्हाला सांगत बसलो."

"बाबा, मी जाणार आहे," अक्षरा म्हणाली. "माझ्या मापाच्या गाडीवर. लॅबमधली देवयानी सोबत येतेय तिच्या गाडीवर. रोज फोन करीन, जिथे रेंज असेल तिथून. आणि काकांना काही विचारणार नाही."

कुकरची आणखी एक शिट्टी झाली. गुरुजींनी वर्गात शिरताना खाकरावं तसं खाकरलं. आता आपली हजेरी घेतली जाणार, या तयारीनं मी उभाच राहिलो. एक मजूर सायकल थांबवून आमच्याकडे बघत होता. आडवी पडलेली मोटारसायकल, मातीत बसलेली मुलगी आणि फोनसमोर मान खाली घालून उभा असलेला म्हातारा.

"शिशिरराव," गुरुजी म्हणाले.

"बोला."

"तिकडं किन्नौरचा राजमा फार चांगला असतो म्हणे. लवकर शिजतो. येताना किलोभर आणायला सांगा तिला."