हवेतले साडेपाचशे किलोमीटर

"अन् अकोल्याले कोणाले उतराचं असन तं?" लहानू फोनमध्ये ओरडला.

"बाबा, विमान मधी थांबत नाई," नाशिकहून लेक वर्षाली म्हणाली. "नागपूर ते नाशिक सरळ. एक तास चाळीस मिनिटं."

"अंतर?"

"हवेतून साडेपाचशे किलोमीटर असन."

"रस्त्यानं तं सातशे आहे! मंग दीडशे किलोमीटर गेले कुठं?"

लहानूनं हिंगणघाट डेपोत एकतीस वर्षं एसटी चालवली होती. अंतराच्या बाबतीत तो कोणाचं ऐकून घेत नसे. नातीच्या बारशालाही तो बसनंच जाणार होता. पण बायकोचे, भागीरथाचे, गुडघे आता चौदा तास बसण्याजोगे उरले नव्हते. पोरीनं परस्पर विमानाची तिकिटं काढली.

पहाटे पाचला दोघं अल्लीपूरच्या घरून निघाले, सातला विमानतळावर पोचले. विमान साडेनऊचं.

"गाडी लागली नाई अन् आपल्याले अडीच तास आधी बलावलं," लहानू म्हणाला. "आमच्या स्टँडवर लोक गाडी सुटल्यावर येत. तरी घेत होतो त्यायले."

तेवढ्यात विमान पन्नास मिनिटं उशिरा असल्याचं जाहीर झालं. बारसं एकाला. भागीरथाचा चेहरा उतरला, लहानूचा खुलला.

"पाय! आपल्या घरून पोरीच्या घरापर्यंत धरलं तं पावणेआठ तास. त्यातले हवेत पावणेदोन."

"तुमची गाडी कधी लेट झाली नाई का?"

"झाली."

"मंग बसा चूप."

विमान उडालं. लहानू खिडकीला नाक लावून खाली रस्ता शोधत राहिला. ढग आले, तेव्हा कुठे त्यानं डोळे मिटले. नाशिकला चाकं जमिनीला टेकली, धक्का बसला, आणि त्याचा उजवा पाय आपसूक खाली दाबला गेला. तिथं बाळंतिणीसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांची पिशवी होती.

"चुरा केला न सगळा!" भागीरथा म्हणाली. "तिथं काय ब्रेक होता?"

सगळे उतरले तरी लहानू दारापाशी थांबून राहिला. कॉकपिटचं दार उघडून वैमानिक बाहेर आली. वर्षालीच्याच वयाची.

"माय! पोरगी?" भागीरथा पुटपुटली.

"बाई, गाडी चांगली लावली तुमी," लहानू म्हणाला.

ती हसली. "थँक यू काका. आज उशीर झाला पण."

"होते. मीबी ड्रायव्हरच. हिंगणघाट डेपो."

तिनं हात पुढे केला. लहानूनं तळवा पँटीला पुसला, मग हातात हात दिला.

शिडी उतरताना भागीरथानं त्याचा दंड धरला.

"तुमाले म्हनलं का हो कोणी कधी असं?"

"लोकायले घरी जायाची घाई राह्यते," तो म्हणाला आणि तिच्या गुडघ्यांकडे बघत एकेक पायरी उतरू लागला.