वळणावर अडखळणारी गाडी

डोळ्यांच्या दुखण्याने बाबांची बस चालवायची नोकरी सुटली, पण स्टिअरिंग काही सुटलं नाही. लेकीच्या लॅपटॉपला खेळण्यातलं स्टिअरिंगचं चाक जोडून ते मोटार-शर्यतीचा गेम खेळू लागले. डेपोतले जुने सोबतीही आपापल्या घरून खेळायचे. त्यांत मिशाळ सगळ्यांत वरचढ, आणि दर वेळी बाबांना चिडवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

बाबांचं घोडं एकाच ठिकाणी अडायचं. वळणावर गाड्यांची गर्दी झाली की चित्र अडखळायचं आणि त्यांची गाडी भिंतीला जाऊन धडकायची. ग्राफिक्स चिपचा वेग थोडा वाढवता येतो, हे त्यांनी कुठूनतरी ऐकलं आणि लेकीच्या मागे लागले.

लेक इमारतींचे नकाशे काढायची, तेही याच लॅपटॉपवर. उद्या तिला हाच लॅपटॉप घेऊन ते दाखवायला जायचं होतं. तिने आधी सगळं काम दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं, पंख्यातली धूळ काढली, खालून हवा लागावी म्हणून मशीन मागून उचलून ठेवलं, चार्जर लावला. व्होल्टेजला हात लावायचा नाही, वेग थोडाथोडाच वाढवायचा आणि दर वेळी चाचणी घ्यायची, असं तिने बाबांना बजावलं. बाबांनी मान डोलावली.

तीन-चार पायऱ्या नीट पार पडल्या. चित्र सुरळीत पळू लागलं. ती पाणी प्यायला आत गेली आणि तेवढ्यात बाबांनी पडद्यावरची वेगाची पट्टी जोरात पुढे सरकवली. पडद्यावर रंगीबेरंगी ठिपके उमटले आणि सगळं काळं झालं.

ती बाहेर आली. तिने बटण दाबून धरलं, सोडलं, पुन्हा दाबलं. पंखा फिरत होता, पडदा मात्र काळाच. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. "माझंच चुकलं," ते पुटपुटले. मग पडदा उजळला. पुन्हा सुरू होताना वेग आपोआप मूळपदावर आला होता. नकाशे उघडून तिने एकेक तपासला, मग पट्टी आधीच्या पायरीवर, म्हणजे चाचणीत टिकलेल्या वेगावर आणून ठेवली.

"आता याला हात लावलात, तर शर्यत बंद," ती म्हणाली.

शर्यत सुरू झाली. ती शेजारी बसून तापमानाचा आकडा बघत होती. पंच्याऐंशी अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, असं तिने मनाशी ठरवलं होतं. बाबा पुढे सरकत गेले, एकेकाला मागे टाकत शेवटच्या फेरीत मिशाळच्याही पुढे निघाले. तोवर ऊन टेबलावर आलं होतं. आकडा चौऱ्याऐंशी, मग पंच्याऐंशी. पंखा जोरात घोंघावू लागला.

तिला राहवेना. न सांगता वेग उतरवला, तर चित्र ऐन वळणावर अडखळणार होतं. नाही उतरवला आणि मशीन बंद पडलं, तर उद्या नकाशे कशावर दाखवायचे?

"बाबा, उतरवू का?"

मिशाळची गाडी त्यांच्या मागच्या चाकाला लागली होती. बाबांची नजर रस्त्यावरून हलली नाही.

"उतरव."

तिने पट्टी मागे घेतली. आकडा खाली येऊ लागला, आणि वळणावर चित्र तटतट तुटायला लागलं. बाबांनी यावेळी घाई केली नाही. वळण दिसायच्या आतच ब्रेक दाबला आणि गाडी अंदाजाने आत वळवली. भिंत हुकली. मिशाळ मात्र तेवढ्यात बाहेरून सुळकन निघून गेला. बाबा दुसरे आले.

लगेच मिशाळचा फोन. हातात आलेली शर्यत सोडलीस कशी, असं तो विचारत होता. बाबांनी सांगितलं, लेकीचं उद्याचं काम याच मशीनवर आहे. मग मिशाळने तिला फोन द्यायला सांगितलं. त्याचा लॅपटॉपही सारखा तापतो, पंख्यातली धूळ कशी काढायची, हे त्याला विचारायचं होतं.