अजून हाय

पेल्याच्या काठावर काही नव्हतं. पंचशीलानं तो खिडकीपाशी नेऊन उजेडात फिरवला — स्टील लख्ख, त्यात तिचंच नाक फुगलेलं... तरी पौर्णिमा दप्तर पाठीला लावून, ओठ मिटून उभी.

"आई, अजून हाय."

"काय हाय?"

"राख."

परळीत राख कुणाकडे नसते? थर्मल वीजकेंद्राची राख उंबऱ्यावर, पोळपाटावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर. अख्खं गाव दिवसभर पुसतच असतं, म्हणून तर पंचशीलाचं पुसणं इतकी वर्षं खपून गेलं — आणि त्याआधी आईचं, मनकर्णाबाईचं, जिच्या बोटांच्या बेचक्या बारा महिने चिरलेल्या असत. "लई सोवळी गं बाई तू! आपल्यात कवा शिरलं हे?" विमलमावशी हसायची, आणि आईही हसायची, हात धूत धूत. ज्या सोवळ्यानं आपल्या आज्यांना पाणवठ्यावर चढू दिलं नाही, ते बुद्धवंदना म्हणत वाढलेल्या घरात... छे, ते हे नव्हेच. हा आजार आहे, अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. घराण्यात असतो, पण लेकराला येईलच असं नाही.

त्या 'येईलच असं नाही'वर मी पोर वाढवली, पंचशीलाच्या मनात आलं. तिनं आजी पाहिलेलीसुद्धा नाही. तिच्यासमोर मी कधी पेला दुसऱ्यांदा विसळला नाही. मोरीचं दार लावून, नळ बारीक सोडून विसळला. दिसणार नाही तर शिकणार कुठून... पण रक्ताला कुठलं आलंय दार!

बाहेर शाळेची रिक्षा हॉर्न देत होती. "अगं, निघू दे तिला," तिचा नवरा सौरभ मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "पोरगी जरा टापटिपीची हाय, दुसरं काय."

लेकरात असं काही दिसलं तर तिचं पुरवू नका, सरळ घेऊन या, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. 'काही न्हाई, पी,' एवढंच म्हणायचं होतं. पण पौर्णिमाचे डोळे भरले होते, आणि ते रडं हट्टाचं नव्हतं; पंचशीलाला ते आतून माहीत होतं. तिनं फडकं घेतलं आणि काठ पुसला — सावकाश, मनासारखा होईपर्यंत. पोर पाणी प्यायली, तिनं श्वास सोडला. पंचशीलाचाही सुटला.

रिक्षा तिला घेऊन गेली. दारात उभ्या पंचशीलाला रडू यायला हवं होतं, आलं नाही. आई गेल्यापासून पहिल्यांदाच या घरात आपल्याला समजणारं कुणी आहे असं वाटलं, आणि बरं वाटलं... अगदी बरं. कुठल्या आईला असं बरं वाटतं, हे तिला कुणाला विचारताही येईना.