मॅनेजरशी हात मिळवायचा नाही

संपाचा एकोणिसावा दिवस होता. बुटांच्या कारखान्यात चामडं कापणारा हा माणूस, पण बोलण्यात कुणाला हार जायचा नाही, म्हणून सगळे त्याला वकील म्हणत. बोलणी त्यानंच करायची असं ठरलं होतं. आणि हेही एकमतानं ठरलं होतं, की कामावरून काढलेल्या नऊ जणांना परत घेईपर्यंत मॅनेजरशी हात मिळवायचा नाही. खुर्चीत बसा, चहा प्या, हवं तर त्याच्या पंख्याचं वारं खा, पण हात नाही. कारण इथे हात मिळवला म्हणजे मिटलं, असंच आजवर चालत आलेलं. त्या नवांत वकिलाचा धाकटा भाऊही होता.

सकाळी वकील ऑफिसात शिरला तेव्हा मॅनेजर खिडकीपाशी फोन कानाला लावून उभा होता. फोन ठेवून तो वळला. "वडील गेले माझे. आत्ताच कळलं," म्हणाला आणि त्यानं हात पुढे केला. आता अशा वेळी माणसानं काय करावं? ठराव आठवत बसावं? वकिलानं तो हात धरला, वर आपला डावा हातही ठेवला.

पण खिडकी पडली काचेची, आणि समोर फाटकापाशी दीडशे माणसं उभी.

वकील बाहेर आला तेव्हा पॅकिंगच्या बायकांनी कामावर जायला डबे उचलले होते. "मिटलं ना?" एकानं विचारलं.

"नाही. त्याचे वडील वारले."

कुणीतरी फिस्सकन हसलं. "नेमके आजच?"

वकिलानं मुलाबाळांची शपथ घेतली, जीव तोडून सांगितलं. जितकं सांगावं तितकं ते बनवून सांगितल्यासारखं वाटत होतं, त्याचं त्यालाच. उभ्या जन्मात पहिल्यांदा त्याची जीभ अडखळली. शेवटी त्याला दुर्बुद्धी सुचली आणि तो पुन्हा आत गेला. "साहेब, तुम्हीच सांगा त्यांना."

मॅनेजर निघण्याच्या घाईत होता, डोळे लाल झालेले, तरी फाटकापर्यंत आला. "यांनी काहीही कबूल केलेलं नाही," तो म्हणाला. "माझे वडील गेले, म्हणून माझा हात धरला. सरळ माणूस आहे हा." एवढं बोलून तो गाडीत बसून गेला.

शिलाई विभागातली सर्वांत जुनी बाई पुढे झाली. "वडील गेले हे खरं दिसतंय," ती म्हणाली. "पण साहेब ज्याला सरळ म्हणतो, त्याला आम्ही आमच्या वतीनं कसं पाठवायचं?" तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं वकिलाच्या हातून मागण्यांचा कागद घेतला. "उद्यापासून दुसरं कुणीतरी बोलेल. पटत असेल त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. वकील मोजत नव्हता, तो एकच हात बघत होता. तो सगळ्यांत शेवटी वर गेला, पण गेला.

पांगापांग झाल्यावर भाऊ जवळ आला. "दादा, तू खरं बोलतोयस. मला ठाऊक आहे."

"मग हात का वर केलास रे?"

"बाकीचे आठ जण माझ्याकडे बघत होते."