अर्धं गाऱ्हाणं

देवाने कमलचं ऑपरेशन पुढे ढकललं, ही बातमी कमललाच सगळ्यात शेवटी कळली. आधी ती तिच्या थोरल्या दिरांना कळली, मग नवऱ्याला, मग दोन दारं सोडून राहणाऱ्या आनंदीबाईंना. आणि मग शनिवारी संध्याकाळी, कामावरून दमून, जिन्यात दोनदा कठड्याला धरून उभी राहत तिसऱ्या मजल्यावर पोचलेल्या कमलला. म्हणजे बघा, गर्भपिशवी हिची, गाठ हिची, रक्त हिचं, आणि रांगेत शेवटची हीच!

"देवान उजवो कौल दिल्यान," गुणाजी भावोजी खुर्चीत ऐसपैस बसून म्हणाले. "ऑपरेशन गणपतीनंतर. सोमवारी हितेंद्र जाऊन हॉस्पिटलातली तारीख परत देऊन येतलो."

कमलने नवऱ्याकडे पाहिलं. हितेंद्र पंख्याचं बटण उगाच खालीवर करत होता. माणूस वाईट नव्हता. पण थोरला भाऊ समोर बसला की त्याच्या तोंडाला जे कुलूप लागायचं, त्याची किल्ली लग्नाला बावीस वर्षं होऊनही कमलला सापडलेली नव्हती.

कौल म्हणजे काय ते सांगायला हवं. कुडाळच्या अलीकडच्या त्यांच्या गावात विहीर कुठे खणायची इथपासून मुलीला कुठे द्यायची इथपर्यंत सगळं रवळनाथाला विचारून होतं. शिवा गुरव देवाच्या पाषाणावर फुलांचे ओले कळे चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो, म्हणजे माणसाचं म्हणणं देवाच्या कानावर घालतो. उजवीकडचा कळा आधी पडला तर देवाचा होकार, डावीकडचा पडला तर नकार. गुणाजी भावोजी गावाच्या मुंबई मंडळाचे सेक्रेटरी. रिटायर झाल्यापासून त्यांनी ह्या कारभारात व्हिडिओ कॉल आणला होता. लालबागला खुर्चीत बसायचं आणि गावच्या देवाला प्रश्न टाकायचा. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तशा.

"आणि परत तारीख कधी मिळणार?" कमलने विचारलं.

"दिवाळीनंतर," हितेंद्र पुटपुटला.

दिवाळीनंतर! कमलला हसू आलं. रागाचं हसू असतं ना, तसलं.

गेलं दीड वर्ष महिन्यातले अठरा-अठरा दिवस तिच्या अंगावरून जात होतं. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, वर्षभर सगळं करून पाहिलं. गाठ कमी व्हायचं नाव नाही, उलट नारळाएवढी झाली. हिमोग्लोबिन सातच्या खाली गेलं, तेव्हा मिरची गल्लीतल्या मसाल्याच्या दुकानात, भाजलेले धणे पाटीत ओतता ओतता ती खाली बसली ती उठेचना. मग परळच्या हॉस्पिटलात सलाइनमधून लोह चढवून चढवून ते दहावर आणलं. "हे दहा टिकतंय तोवर ऑपरेशन करून घ्या," डॉक्टर मृणालिनी म्हणाल्या होत्या. "परत खाली गेलं की परत पहिल्यापासून सुरुवात." येत्या गुरुवारची तारीख मिळाली होती, आणि तीसुद्धा तीन महिने थांबून.

ह्या डॉक्टरांकडे कमल एकटीच गेली होती, वही घेऊन. ती वही साधीसुधी नाही बरं. चौदा वर्षं ती डंखावर, म्हणजे कुटायच्या यंत्रावर, मसाला कुटून देत होती, आणि कुठल्या बाईला बेडगी मिरची किती, शंकेश्वरी किती, दगडफूल घालायचं की नाही, हे सगळं त्या वहीत होतं. त्या गल्लीची एक रीत आहे. मसाला गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर भाजायचा, डोळ्यांसमोर कुटायचा, प्रमाण गिऱ्हाइकाचं. दुकानदाराने आपली अक्कल चालवायची नाही. सासू सुनेचं प्रमाण बदलायला लागली तर कमल सरळ सांगायची, "काकू, मसाला कोणाच्या घरी जाणाराय? मग त्यांना बोलू द्या."

त्याच वहीच्या मागच्या पानावर तिने डॉक्टरांसाठी प्रश्न लिहिले होते. पिशवीबरोबर अंडाशयं काढणार का? टाके किती? मसाल्याचा डबा कधी उचलू? भूल अर्धी की पूर्ण?

डॉक्टरांनी चष्मा काढून प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. अंडाशयं चांगली आहेत, तुमचं वय चव्वेचाळीस, ठेवता येतील. पण विचार करून तुम्ही सांगा. कमलने आठ दिवस विचार करून सांगितलं होतं, ठेवा. डबा तीन महिने उचलायचा नाही. भूल पूर्ण.

आणि हेच ते. पूर्ण भूल. कमल मिरचीच्या खकाण्याला भ्यायली नाही, गल्लीतल्या उधारखोरांना भ्यायली नाही, पण भुलीला मात्र ती भ्यायची. आपण डोळे मिटणार आणि उघडायचे की नाही हे दुसरं कोणीतरी ठरवणार, हे तिला सहनच होत नव्हतं. त्यात आनंदीबाईंनी आपल्या परीने भर घातली होती. "पिशवी काढली की बाई पोकळ होते हो. माझ्या नणंदेचं बघा, चिडचिडी झाली." कमल म्हणाली होती, "तुमची नणंद आधीपासूनच चिडचिडी होती, आनंदीबाई. सगळ्या माळ्याला माहितीये." पण तो शब्द मात्र घुसला होता. पोकळ. डबा रिकामा झाला की आपटल्यावर आवाज येतो, तसं काही होईल का आपलं?

म्हणजे आज भावोजींनी जे सांगितलं त्यात एक सोपी वाट होती. भिणाऱ्या माणसाला ती वाट लगेच दिसते. देवच नको म्हणतोय, मग कशाला? दिवाळीनंतर बघू. क्षणभर तिला खरंच हलकं वाटलं. आणि हलकं वाटलं म्हणूनच तिला स्वतःचा राग आला.

"भावोजी, गाऱ्हाणं काय घातलंत?" तिने हातातली भाजीची पिशवी खाली ठेवत विचारलं.

"म्हणजे?"

"शब्द न् शब्द सांगा. देवाला काय सांगितलंत?"

गुणाजी भावोजींनी घसा साफ केला. "सांगलंय, घराण्याचो गणपती सहा आठवड्यांवर इलो. पाच दिवस, जेवणाक चाळीस पानां. घरातली सून ऑपरेशन करून बसली तर तुझी सेवा कोण करतलो? तर ह्या ऑपरेशन पुढे ढकलूचा काय, महाराजा?"

"एवढंच?"

"आणखी काय सांगाक होया?"

आतल्या खोलीतून अपेक्षा बाहेर आली. कमलची लेक, एकवीस वर्षांची, तोंडाने आईपेक्षा सव्वाशेर. "काका, आईचं हिमोग्लोबिन सांगितलं? गाठ सांगितली? महिन्यातले अठरा दिवस—"

"गप गो!" भावोजींचे कान लाल झाले. "असल्या गोष्टी देवासमोर बोलतत?"

"मग चाळीस पानांचं बोललात ते?" अपेक्षा म्हणाली. कमलने तिला हाताने थांबवलं.

आता कमलच्या डोक्यात एक गोष्ट लख्ख झाली. दोन वर्षांपूर्वी गावात बांधाचा तंटा झाला होता, आणि एका पार्टीने फणसाचं झाड आधीच तोडलेलं लपवून कौल घेतला होता. तेव्हा ह्याच गुणाजी भावोजींनी मंडळाच्या सभेत टेबलावर हात आपटून तो कौल मोडला होता. 'गाऱ्हाण्यात लपयलंस तर कौल खोटो!' सभेला चहा-भजी कमलनेच केली होती, म्हणून तिला चांगलंच लक्षात होतं.

"भावोजी," ती शांतपणे म्हणाली, "लपवलं तर कौल खोटा, हे कोणाचं वाक्य?"

भावोजी खुर्चीत सावरून बसले.

"फणसाच्या झाडासाठी कौल मोडलात. मी फणसापेक्षा कमी काय?"

"तू देवाची परीक्षा घेतंस, कमल!"

"देवाची नाही, तुमची घेतेय. देवाला अर्धीच बातमी गेलीय. उद्या सकाळी शिवा गुरवाला फोन लावा. गाऱ्हाणं मी घालीन."

"बाईमाणूस गाऱ्हाणं घालता?"

"ज्याचं जळतं त्यालाच कळतं, भावोजी. ज्याचं दुखणं, त्यानेच बोललेलं बरं."

आणि ती आत भाकऱ्या थापायला गेली. दोन भाकऱ्या फाटल्या. तिसरी मात्र अशी टम्म फुगली की अपेक्षाने फोटो काढला.

रविवारी सकाळी नऊ वाजता खोलीत मुंगीला जागा नव्हती. भावोजी, हितेंद्र, अपेक्षा, मंडळाचे चार-पाच जण बायकांसह, आणि काही कारण नसताना आनंदीबाई. फोन कपाटाला टेकवून ठेवलेला. त्यात शिवा गुरव, त्याच्यामागे देवळाचा अंधारा गाभारा आणि सकाळच्या पूजेला आलेले सात-आठ गावकरी.

"कोण घालता गाऱ्हाणा?" शिवाने विचारलं.

"मी," कमल म्हणाली. तिने पदर खोचला, हात जोडले. घरात ती मुंबईचंच मराठी बोलायची, पण रवळनाथाशी कोण मुंबईचं बोलतं?

"बा देवा रवळनाथा, बारा पाचाच्या धन्या, महाराजा!"

"व्हय महाराजा!" खोली एकदम म्हणाली. न म्हणून करते काय? गाऱ्हाणं घातलं की प्रत्येक वाक्यानंतर बाकीच्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं, हे ह्या लोकांना पाळण्यात शिकवलेलं असतं. झोपेत कोणी गाऱ्हाणं घातलं तरी शेजारचा झोपेत व्हय म्हणेल.

"काल तुझ्याकडे जा गाऱ्हाणा इला, ता अर्धा होता महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"बावीस वर्षां तुझ्या सणाक पाळी आड येऊ नये म्हणान मी गोळ्यो खाल्लंय, महाराजा!"

"व्हय—" इथे पुरुषांचे आवाज जरा अडखळले, एकाने छताकडे बघितलं. पण सवय ती सवय. "—महाराजा!"

"आता म्हयन्यातले अठरा दिस माझ्या अंगावरसून रगात जाता. पोटात नारळाएवढी गाठ असा. आणि ह्या तुका कोणी सांगूक नाय, महाराजा!"

"व्हय महाराजा!" आता बायकांचा आवाज मोठा होता. फोनमधल्या देवळातूनही कुणा म्हातारीचा खणखणीत व्हय आला. आनंदीबाईंनी पदर डोळ्यांना लावला होता, आणि कमलला पहिल्यांदाच वाटलं की ही बाई नणंदेला पुढे करून बहुतेक स्वतःचंच काहीतरी सांगत होती.

मग कमल थांबली. पुढचं वाक्य तिने वहीत लिहिलेलं नव्हतं.

"माका भुलीची भीती वाटता, महाराजा," ती म्हणाली. "डोळे मिटले नि उघडलेच नाय तर? ह्या भियान माका आठ दिस झोप नाय. माझो जीव माका होयो असा. माझी लेक बघूची असा. पण भियान घरात बसान कणाकणान मरण्यापेक्षा भीत भीत जातलंय. पिशवी माझी, सही माझी. गुरवारी मी जातलंय, महाराजा!"

"व्हय महाराजा," असं एकट्यानेच कोणीतरी म्हटलं. हितेंद्र होता. बावीस वर्षांचं कुलूप, आणि उघडलं ते असं. मग त्याच्यामागून सगळे म्हणाले.

कमलने नाक पुसलं. आता तिच्या अंगात वारं भरलं होतं.

"ह्या वर्षी तुझे मोदक घरातले पुरुष वळतले. त्येंका कळ्यो पाडूक जमाची नायत, उकड चिकटात, सारण भायर येयत. ता गोड मानून घे, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

आणि ह्या वेळी सगळ्यात मोठा, छातीतून आलेला, मंडळाच्या सेक्रेटरीला शोभेल असा आवाज गुणाजी भावोजींचा होता. म्हणून झालं आणि मग त्यांना कळलं आपण काय म्हणालो ते. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. अपेक्षा फस्सकन हसली, तिच्यामागून फोनमधलं अख्खं देऊळ हसलं.

"काय वाकडातिकडा असात ता सरळ कर, आणि माका हातापायान धड घरी आण, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

फोनमध्ये शिवा गुरवाने ओले कळे हातात घेतले. "वहिनी, लावू मा? उजवो इलो तर जावचा, डावो इलो तर—"

"नको, शिवा," कमल म्हणाली. "कळे ठेव खाली."

"अगो, मग कौल?"

"मी विचारलं कुठे? मी सांगायला आले होते. आणि व्हय तर सगळे म्हणालेच आहेत."

शिवा गुरवाने हातातल्या कळ्यांकडे बघितलं, ते पाषाणाच्या पायाशी ठेवले आणि म्हणाला, "बरा आसा. गुरवारी सकाळी मी हयसर देवासमोर बसतंय."

माणसं पांगली. गुणाजी भावोजी दारात चपला घालता घालता रेंगाळले. देवासमोर म्हटलेलं व्हय परत घेता येत नाही, हे मंडळाच्या सेक्रेटरीला कोणी सांगायला नको होतं.

"कमल," ते चपलेकडे बघत म्हणाले, "उकडीक पाणी किती घेतत?"

कमलने वही उघडली. मागच्या पानावर, 'भूल अर्धी की पूर्ण' ह्याच्या खाली थोडी जागा होती. तिने तिथे मोदकांचं प्रमाण लिहिलं, पान फाडलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"एकाला एक," ती म्हणाली. "आणि पीठ मळताना मला फोन करायचा नाही. मी झोपलेली असेन."