घट्ट टायर आणि आम्ही दोघी

आधीच सांगते मित्रांनो, मी चमचा नाही. परवा एका बाईने रॉकेलच्या डब्याचं झाकण उघडायला मला मागितलं, तेव्हा असा संताप आला म्हणून सांगू! मी सायकलचा टायर रिमवरून उचकटायची जुनी पोलादी पट्टी आहे. आणि मी एकटी जन्मले नाही. आम्ही दोघी जुळ्या बहिणी.

पनवेलला भगवान आणि निसीम यांचं भागीदारीतलं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. भगवान मिठागरावर राबणाऱ्या घरातला, निसीम बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला मराठी बोलणारा ज्यू. बाजारातल्या पट्ट्या दोन-चार घट्ट टायर काढले की वाकायच्या. शेवटी वैतागून दोघे काशिराम लोहाराकडे गेले आणि लॉरीच्या मोडक्या कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, पाट्यातून त्यांनी आम्हाला घडवून घेतलं. लगेच पसंत केलं म्हणता? छे! निसीमने आमची टोकं पायरीच्या फटीत घातली आणि वर चक्क उभा राहिला. आम्ही वाकलो नाही. मग भगवानने तीच टोकं स्वतःच्या गालावरून फिरवली.

"गालाला लागली तर टूबला पन लागंल," तो म्हणाला. "अजून घास रं काशिराम."

बिचारा काशिराम घासून घासून रडकुंडीला आला.

घट्ट टायर एका पट्टीने निघत नाही. एकीने कड उचलून धरायची, दुसरीने पुढे सरकायचं. धरणारी मी, सरकणारी माझी बहीण. मला भगवान धरायचा, तिला निसीम. शनिवारी निसीम काम करत नसे, प्रार्थनेला जाई. त्या दिवशी भगवान फक्त हवा भरून द्यायचा. घट्ट टायर घेऊन कोणी आलंच तर म्हणायचा, "उद्या या. आज दुकान अर्धंच हाय."

मग बेने इस्रायली कुटुंबं एकेक करून इस्रायलला निघाली. निसीमच्या भावांनी ठरवलं, बायको हेप्झिबाही तयार झाली. निसीमचा पाय मात्र निघत नव्हता. शेवटच्या दिवशी तो दुकानात आला आणि नुसता बसून राहिला.

"भगवान, काही बोलणार आहेस की नाही?"

भगवान खाली मान घालून चाक फिरवत होता. "काय बोलू? तुजं समदं ठरलंय."

"तरी पण. बोल ना काहीतरी."

मला कळत होतं हो! 'जाऊ नको' हे शब्द त्याच्या अगदी ओठांवर आले होते. पण त्या मेल्याने काय करावं? माझ्या बहिणीला उचललं, फडक्याने पुसलं आणि निसीमच्या हातात दिलं.

"ही ने. तिकडं टायर घट्ट असतील."

निसीमने तिच्याकडे पाहिलं, भगवानकडे पाहिलं, आणि ती खिशात टाकून तो उठून गेला.

तिथून आमचे हाल सुरू झाले. भगवानने दुसरी पट्टी घडवून घेतलीच नाही. चमच्याच्या दांड्याने काम भागवू लागला. टूब फाटायच्या, गिऱ्हाईकं शिव्या देऊन जायची. पुढे पुढे तर आठवडाभर नुसती हवाच भरली जायची. मला माझी बहीण आठवायची. त्याला कोण आठवायचं, ते मी कशाला सांगू?

बऱ्याच वर्षांनी हेप्झिबा नातलगांना भेटायला आली. एकटीच. तिने पिशवीतून माझी बहीण काढून भगवानपुढे ठेवली आणि निसीम वारल्याचं सांगितलं.

"ह्यांनी ती एकदाही वापरली नाही, भावजी. एकटीने टायर निघत नाही म्हणायचे. आजारपणात मात्र मनातलं बोलले. त्या दिवशी भगवान नुसतं थांब म्हणाला असता, तर मी थांबलो असतो म्हणाले."

भगवानने आम्हा दोघींना हातात घेतलं. मग लहान पोरासारखा हमसून हमसून रडत म्हणाला, "थांब रं निसीम. जाऊ नको."

मित्रांनो, आता आम्ही दोघी एकाच खोक्यात असतो. पट्टी घ्याल तर आमच्यासारखी घ्या, गालावर फिरवून घ्या, आणि जोडीनेच घ्या. पण आपलं माणूस निघालं असेल, तर त्याच्या हातात वस्तू कोंबू नका. तोंड उघडा आणि काय ते बोला. त्याला ऐकू जातंय, तोवर बोला.