रबर काढलेली गाडी

सव्वा महिन्याच्या बाळाला आणि मोहिनीला न्यायला आमचे जावई नीलेशराव जळगावहून धुळ्याला आले. हौसेखातर स्प्रिंगा कापून त्यांनी कार पार जमिनीलगत आणली होती. गल्लीतल्या गतिरोधकावरून येताना खालून असा आवाज झाला, की माझ्या हातातला चहा बशीत सांडला.

"शॉकअपच्या दांड्यावरचं रबर कुठंय?" मी विचारलं.

"काढून टाकलं. गाडी खाली केल्यापासून सारखं तेच आदळायचं."

मोहिनीचे टाके अजून ओढत होते. पण जावयाला तोंडावर कसं बोलणार? लेकी बोले सुने लागे. मी मुलाच्या लेकीला, मयुरीला हाक मारली आणि सायकलचा पंप समोर ठेवला.

"दांडा पूर्ण वर घे. दाब. आता अर्ध्यावरूनच दाब बरं."

"लगेच संपला, आबा."

"गाडी खाली केली की शॉकअपचं तेच होतं. खड्डा आला की दांड्याला जायला जागाच नाही. मग शेवटचा दणका रबर खातं, पंपाच्या मुठीखाली हे आहे ना, तसंच. ते काढ आणि जोरात दाब."

ठण्णकन आवाज झाला. मयुरीने हात झटकला. "लोखंडावर लोखंड बसलं."

नीलेशराव मोबाइलमध्ये बघतच हसले. "आबा, होते सवय."

"टाक्यांना होते?" माझा आवाज चढला. "बाळाची मान अजून सावरत नाही, त्या मानेला होते? आदळायचं म्हणून रबर काढलं! ते आदळतं म्हणून तर आपण वाचतो."

माझी बायको कोकिळा धावत बाहेर आली. "जावयाशी आसं बोलतस का? बठ्ठी गल्ली ऐकी ऱ्हायनी."

"ऐकू दे सगळ्या गल्लीला. पाटावर बसवू, ओवाळू, सगळं करू. पण जावयाचा मान राहावा म्हणून लेकीचे टाके उसवायचे, ही कुठली रीत?"

नीलेशराव उठले. "माझी बायको, माझा मुलगा. मी बघीन."

मोहिनी बॅग घेऊन दारात उभी होती. "डोहाळजेवणाला येताना पारोळ्यापासून पोट धरून बसले होते मी. तेव्हाही तुम्ही बघतच होतात," ती म्हणाली. "गाडी पहिल्यासारखी करा. मग या."

ते चहा न घेताच गेले. आत मोहिनी बॅगेतली दुपटी काढून पुन्हा कपाटात लावत होती.